एसपीडी बसवला, पण वायर दीड मीटर!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वळिवाच्या विजांपासून उपकरणे वाचवण्याबद्दलचा कालचा लेख वाचला. विषय वेळेवर घेतलात, आभार. पण 'गच्चीवर लाइटनिंग अरेस्टर असेल तर टीव्ही-संगणकाची चिंता नको' हे वाक्य छापायला नको होते. अरेस्टरचा दांडा स्लॅब आणि भिंती वाचवतो. राउटर, टीव्ही, लिफ्टचा कंट्रोलर जळतो तो तारांतून शिरलेल्या सर्जने, म्हणजे व्होल्टेजच्या क्षणिक उसळीने. वीज शेजारच्या खांबावर पडली तरी तेवढे पुरते.

ही उसळी अर्थकडे वळवणाऱ्या एसपीडीबद्दल (सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस) लेखात एकच ओळ: 'चांगल्या कंपनीचा बसवा'. कंपनीचे नाव काय करणार? नाशकात सिडको असो की गंगापूर रोड, एसपीडी पॅनलच्या कोपऱ्यात आणि त्याला दीड मीटर वायर, तीही नीटनेटकी गुंडाळी करून! वायरच्या प्रत्येक मीटरला साधारण 1 मायक्रोहेन्री इंडक्टन्स (प्रवाहातल्या झटपट बदलाला होणारा विरोध) असतो. 10 किलोअँपिअरचा झटका 10 मायक्रोसेकंदांत चढला, तर मीटरमागे 1,000 व्होल्ट वाढतात. म्हणजे एसपीडी 1,500 व्होल्टवर रोखतो, वायर त्यात 1,500 घालते आणि 2,500 व्होल्ट सोसणाऱ्या टीव्हीपर्यंत 3,000 पोहोचतात. फेजकडची आणि अर्थकडची वायर मिळून अर्ध्या मीटरच्या आत हवी. जागा नसेल तर येणारी वायर आधी एसपीडीच्या टर्मिनलवर न्यावी, तिथूनच पुढे. वायरमनला हे कोणी सांगतच नाही.

गच्चीवर दांडा असेल तर मेन पॅनलला टाइप 1, म्हणजे थेट विजेचा प्रवाह पेलणारा एसपीडी लागतो. फ्लॅटच्या डीबीतला (स्विचच्या वितरण पेटीतला) हलका टाइप 2 एकटा तो प्रवाह पेलत नाही. एसपीडीवरची छोटी खिडकी हिरव्याची लाल झाली की मॉड्यूल संपले, बदलायचे. पावसाळ्यापूर्वी तेवढे तरी बघा.

सगळ्यात घातक म्हणजे दांड्याचा अर्थ पिट (अर्थिंगचा खड्डा) वेगळा, पॅनलचा वेगळा आणि दोन्ही एकमेकांना न जोडलेले. 5 ओहमच्या पिटात 20 किलोअँपिअर शिरले की तिथे 1 लाख व्होल्ट उभे राहतात आणि वाट काढतात ती लिफ्टच्या किंवा कॅमेऱ्यांच्या केबलमधून. दोन्ही अर्थ किमान 16 चौरस मिलिमीटर तांब्याने मुख्य अर्थबारवर (सगळे अर्थ एकत्र जोडण्याच्या पट्टीवर) जोडलेच पाहिजेत. डिशची आणि गच्चीवरल्या कॅमेऱ्याची केबल आत येते तिथे तिचाही वेगळा एसपीडी हवा.

आणि त्याच पानावर '100 मीटर परिघात संपूर्ण संरक्षण' देणाऱ्या दांड्याची जाहिरात! आयएस/आयईसी 62305 या वीजसंरक्षणाच्या मानकानुसार संरक्षित जागा दांड्याच्या प्रत्यक्ष उंची-लांबीवरूनच ठरते, टोकाला बसवलेल्या डब्यावरून नाही. जाहिरातीचे तुम्ही बघा. लेखातल्या त्या वाक्याची दुरुस्ती मात्र जूनच्या आत छापावी, ही विनंती.

आपला,
एक विद्युत अभियंता, नाशिक