गुडघा वाकतो, मन वाकत नाही

महोदय,

कबड्डीत डाव्या गुडघ्याचा एसीएल (गुडघा स्थिर ठेवणारा आतला अस्थिबंध) दोनदा तुटला, शस्त्रक्रियाही दोनदा झाली. आता अकरा महिने झालेत. डॉक्टर म्हणतात, बिनधास्त धाव. पण बर्डीवर बसमधून उतरताना अजूनही दांडा दोन्ही हातांनी धरतो, डावा पाय आधी टेकवतो. मागून मित्र ओरडतो, “काऊन घाबरून राहिला बे?” काय सांगू! पहिल्या वेळचा तो ‘टक्’ आवाज कानातून जात नाही.

पुन्हा दुखापत होईल म्हणून हालचालीचीच वाटणाऱ्या या भीतीला किनेसिओफोबिया म्हणतात. ती मोजायला 17 प्रश्नांची टॅम्पा प्रश्नावली आहे. माझा गुडघा किती अंशात वाकतो हे दर आठवड्याला मोजलं गेलं. भीती वाटते का, हे एकदाही कुणी विचारलं नाही. फिजिओथेरपीच्या पहिल्याच आठवड्यात ते विचारायला काय हरकत आहे?

– एक कबड्डीपटू, महाल, नागपूर