आगोटीच्या यादीत दोर आणि पोहराही हवा

महोदय,

मृग तोंडावर आला. कोकणात घरोघर आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या साठवणीची, लगबग आहे. तांदूळ, मीठ, सुकी मासळी, लाकूडफाटा भरून झाला. वीज पंधरा-वीस दिवस गेली तर काय, याची तयारी मात्र फारशी कुठे दिसत नाही. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ दिवेआगर-श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर धडकलं, त्यानंतर रायगड आणि दापोली-मंडणगडच्या कितीतरी गावांनी आठवडेच्या आठवडे अंधारात काढले.

अंधाराचं एक वेळ चालतं, कंदिलावर रात्र निघते. खरे हाल पाण्याचे. विहिरींवर पंप बसले, रहाट निघाले, वर लोखंडी जाळी आली. खाली पाणी तुडुंब आणि घरात घोटभर नाही! तेव्हा आमच्या वाडीत टेम्पोवरून जनरेटर यायचा. तो पैसे घेऊन एकेका घरची टाकी भरून द्यायचा आणि तेवढ्या वेळात शेजारीपाजारी मोबाइल घेऊन धावायचे, एकाच बोर्डाला चार्जरांचा नुसता गुंता. टॉवर बंद, त्यामुळे मुंबईच्या मुलांशी बोलणं तरीही होत नव्हतंच.

म्हणून कळकळीने सांगतो, वाडीतल्या निदान एका विहिरीवर कप्पी, दोर आणि पोहरा कायम ठेवा. जाळीला उघडती झडप करून घ्या. कप्पीला आत्ताच तेल घाला, दोर ताणून पाहा. नायलॉनचा दोर ओल्या हातातून सटकतो, त्यापेक्षा जाड काथ्याचा बरा.

नदीकाठच्यांनी इन्व्हर्टरची जागाही बघावी. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी घराघरांत शिरलं. अशा वेळी तळमजल्यावर जमिनीलगत ठेवलेली बॅटरी काय कामाची? पाणी अंगणात दिसताच मेन स्विच बंद करावा. नेहमीची औषधं, कागदपत्रं आणि थोडी रोकड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर असू द्यावी. नेट गेलं की मोबाइलवरचे पैसे वाण्याकडे चालत नाहीत.

जनरेटर घेतलेल्यांना दोन गोष्टी हात जोडून सांगायच्या आहेत. तो घरात किंवा बंद पडवीत चालवू नका; त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. दुसरं, चेंजओव्हर स्विच (एका वेळी बाहेरची लाइन किंवा जनरेटर, यांपैकी एकच घराला जोडणारा स्विच) लावल्याशिवाय तो घराच्या वायरिंगला जोडू नका. वीज उलटी खांबावरच्या तारांत जाते, आणि तिथे भर पावसात तुमच्याचसाठी कुणी वायरमन चढलेला असतो. ग्रामपंचायतींनी पावसाआधीच्या बैठकीत अशा घरांची यादी करावी आणि जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून प्रत्येक जोडणी तपासून घ्यावी.

— एक वाचक, श्रीवर्धन (जि. रायगड)