जुना डेस्कटॉप भंगारात द्यायच्या आधी

संपादक साहेब, नमस्कार.

विंडोज १० चा सपोर्ट, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे नेहमीचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हापासून आमच्या भांडुपमधे जो तो सांगतोय की जुना कॉम्प्युटर काढा नि नवीन घ्या. सोसायटीच्या ऑफिसातला आमचा डेस्कटॉप २०१५ चा, चालू व्हायला सहा-सात मिनिटं लावायचा, मेंटेनन्सची पावती घ्यायला आलेला माणूस बाकावर ताटकळत बसायचा, आणि दुरुस्तीवाल्याने तर कॅबिनेट न उघडताच सांगून टाकलं की याच्यात आता काही राम नाही. मला ते पटलं नाही. सभासदांचे पैसे आहेत, असे कसे उडवायचे?

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबून टास्क मॅनेजर (मशीनचा कुठला भाग किती कामात आहे ते दाखवणारी खिडकी) उघडला, तर डिस्कच्या रकान्यात सतत १०० टक्के आणि प्रोसेसर मात्र दहा-पंधरावर. म्हणजे दुखणं हार्ड डिस्कचं, अख्ख्या मशीनचं नाही. लॅमिंग्टन रोडवरून हार्ड डिस्कच्या जागी बसणारी एसएसडी आणली, जुन्या डिस्कवरचं सगळं जसंच्या तसं तिच्यावर क्लोन करून घेतलं, आणि आता तोच कॉम्प्युटर पाऊण मिनिटात तयार. साध्या हार्ड डिस्कमधे तबकडी फिरते आणि एकेक फाइल शोधावी लागते, एसएसडीत फिरणारं काही नसतंच. जुनी डिस्क बाहेरून वायरने जोडायच्या केसिंगमधे घालून दर महिन्याला हिशेबाचा बॅकअप घेतो आणि झाला की वायर काढून कपाटात ठेवतो, कारण लावूनच ठेवली तर व्हायरस तिच्यातही शिरणार.

कॅबिनेट उघडलंच होतं तर (प्लग काढून हां) पंख्यावरची धूळ ब्रशने काढली. आपल्या दमट हवेत ती पात्यांना चिकटून घट्ट थर होतो, मग मशीन तापतं आणि तापलं की स्लो होतं. टास्क मॅनेजरमधेच स्टार्टअपची यादी असते, तिथे नको ते डिसेबल करा, प्रोग्रॅम डिलीट होत नाही, फक्त आपोआप सुरू होत नाही.

आणि एक, शट डाउन केलं की विंडोज पूर्ण बंद होते असं नाही. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर ती आतली स्थिती डिस्कवर लिहून ठेवते नि दुसऱ्या दिवशी तिथूनच उचलते, म्हणून कालचा घोळ आजही तसाच. अडलं की रीस्टार्टच करा.

घरच्या विंडोज १० ला अपडेटच्या सेटिंगमधे मायक्रोसॉफ्ट अकाउंटने नाव नोंदवून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सिक्युरिटी अपडेट घेता येतात. त्यानंतर विंडोजच्या जागी टाकायला लिनक्स मिंट आहे, फुकट, इंटरनेट आणि पत्रं-हिशेबाला पुरेसं.

दुरुस्तीवाल्यांना माझी कळकळीची विनंती, 'नवीन घ्या' म्हणायच्या आधी गिऱ्हाइकासमोर तो डिस्कचा रकाना एकदा उघडून दाखवा.

– एका सोसायटीचा सेक्रेटरी, भांडुप, मुंबई