दुखत नाही म्हणून थांबू नका, बाबा

ती. आई-बाबांना सा. न.

बाबा, तुमच्या काविळीच्या पुढच्या तपासणीचं विचारलं, तर फोनवर तुम्ही म्हणालात, "काही दुखत नाहीये, मग घाई कशाला?" मला त्या न दुखण्याचीच जास्त काळजी वाटते. पित्तनलिकेत, म्हणजे यकृतातून आतड्याकडे पित्त नेणाऱ्या नळीत, खडा अडकला की बहुतेकदा उजव्या बरगडीखाली कळ येते. पण काही न दुखता कावीळ वाढत गेली, तर स्वादुपिंडाजवळच्या एखाद्या गाठीने नळी दाबली जात नाहीये ना, हे बघावंच लागतं. गाठच असेल असं नाही. नळी अरुंद झालेली असू शकते, क्वचित न दुखणारा खडाही निघतो. पण बघितल्याशिवाय कसं कळणार?

यकृत दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर पित्त तयार करतं. त्याची आतड्याकडची वाट बंद झाली की पित्तातलं पिवळं द्रव्य, बिलिरुबिन, रक्तात साठतं. म्हणून डोळे पिवळे, लघवी गडद. आतड्यात रंग पोचत नाही म्हणून शौचाला पांढुरकी होते. रात्रीची ती खाजही त्यातलीच, मलमाने जाणार नाही.

सोनोग्राफीत नळी फुगलेली दिसली, कारण दिसलं नाही. नळीचं खालचं टोक आतड्यातल्या वायूमुळे अनेकदा झाकलं जातं. म्हणून एमआरसीपी सांगितलीय. त्यात दुर्बीण घालत नाहीत, एमआरआयच्या चुंबकी यंत्राने नळीची फक्त चित्रं घेतात. दुर्बिणीची ती ईआरसीपी. तिच्यात खडा काढता येतो, वाट उघडी ठेवणारी बारीक नळी, म्हणजे स्टेंटही बसवता येतो, पण नंतर स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो. त्यामुळे नुसतं बघायला ती शक्यतो करत नाहीत. प्लास्टिकचा स्टेंट बसवलाच, तर तो साधारण 3 महिन्यांत बदलायचा किंवा काढायचा असतो. ती तारीख मी लिहून ठेवीन.

आई, तुला दोन गोष्टी सांगते. बाबांची रक्त पातळ करायची गोळी डॉक्टरांना आधी दाखव, आपल्या मनाने बंद करू नका. पित्त आतड्यात न उतरल्याने के जीवनसत्त्व नीट शोषलं जात नाही आणि रक्त गोठायला वेळ लागतो, म्हणून ती तपासणीही करून घ्या. आणि बाबांना थंडी वाजून ताप आला किंवा ते असंबद्ध बोलायला लागले, तर सकाळची वाट बघू नकोस, त्याच रात्री हॉस्पिटल गाठ. अडलेल्या पित्तात जंतुसंसर्ग झाला तर काही तासांत जिवावर बेतू शकतं. मला फोन नंतर कर.

एमआरसीपीच्या आधी बाबांच्या पायातल्या रॉडबद्दल तिथे सांगा. रिपोर्ट आला की लगेच फोटो पाठव.

तुमची,
ताई