शिलावर्तुळांची नोंद सातबाऱ्यावर व्हावी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी मुलीला घेऊन नागपूरजवळच्या जुनापाणीची महापाषाणयुगीन शिलावर्तुळे, म्हणजे त्या काळच्या लोकांची दफनस्थळे, पाहून आलो. काळ्या पाषाणाचे मोठाले धोंडे गोलाकार मांडलेले आणि मधोमध दगड-मातीची भर, एवढेच प्रथमदर्शनी दिसते. वावर साफ करताना कोणी धोंडे बाजूला सारून ठेवले असावेत असे वाटून माणूस सहज पुढे निघून जाईल. पण वाकून पाहिल्यावर काही धोंड्यांवर बोटाचे पेर मावेल असे कोरलेले खळगे मुलीलाच आधी दिसले आणि त्यानंतर तासभर ती तेथून हलायला तयार नव्हती.

जुनापाणीच्या परिसरात अशी सुमारे तीनशे वर्तुळे नोंदली गेली आहेत. रिव्हेट-कार्नॅक या ब्रिटिश अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकात त्यांतील काही उकरून पाहिली, तर १९६१-६२ मध्ये पुरातत्त्वज्ञ बी. के. थापर यांनी तेथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले. पुढे डॉ. शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकळघाट-खापा, माहुरझरी, नायकुंड येथे केलेल्या कामामुळे अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीचा विदर्भ आपल्यापुढे उभा राहिला. माणसाबरोबर पुरलेला घोडा, त्याच्या तोंडावर चढवायचा तांब्याचा साज, लोखंडी कुऱ्हाडी, काळी-तांबडी मडकी आणि नायकुंडला तर लोखंड गाळण्याची भट्टीच सापडली. हा सारा पुरावा वर्तुळाच्या पोटात असतो आणि कोणता धोंडा कोठे, खळगे कोणत्या दिशेला, ही मांडणीही तितकाच मोलाचा पुरावा असते. म्हणून एक धोंडा जरी हलवला तरी तो पुन्हा जागेवर ठेवून काही भरून निघत नाही.

परतताना जवळच्या एका शिवारात धुऱ्यालगत अर्धेच उरलेले वर्तुळ दिसले. शेतमालक म्हणाले, "आमच्या बापानं यातले गोटे विहिरीले लावले, तवा कोणी काई सांगतलंच नाही." ते स्वतः आता नांगर बाजूने वळवतात. त्यांना दोष कसा द्यावा?

केंद्र सरकारने संरक्षित म्हणून घोषित केलेल्या स्मारकाला प्राचीन स्मारकांच्या कायद्यातील २०१० च्या दुरुस्तीनुसार भोवतालच्या शंभर मीटरमध्ये बांधकामबंदीचे आणि त्यापुढील दोनशे मीटरमध्ये नियंत्रणाचे कवच मिळते. खासगी शेतात विखुरलेल्या, घोषित न झालेल्या वर्तुळांना मात्र ते नाही आणि नागपूर शहर तर चहूबाजूंनी वाढते आहे. यासाठी पुरातत्त्व विभागाने महसूल यंत्रणेच्या मदतीने गावोगावच्या वर्तुळांची मोजणी करावी आणि त्यांची नोंद सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात करावी, अशी माझी विनंती आहे. तशी नोंद असली तर जमीन अकृषिक करताना किंवा मुरूम उत्खननाचा परवाना देताना अधिकाऱ्याच्या डोळ्यांसमोर ती आपोआप येईल. जागा अडल्यामुळे शेतकऱ्याचे जे नुकसान होईल त्याची भरपाई शासनाने द्यावी, अन्यथा नोंद होण्याच्या भीतीनेच धोंडे रातोरात नाहीसे होतील. हे काम येत्या उन्हाळ्यात, वावरे मोकळी असताना, काटोल आणि हिंगणा रस्त्यांलगतच्या गावांपासून सुरू करता येईल.

आपला,
एक वाचक, नागपूर