जुनं दार विकण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या गल्लीत यंदा तिसरं धाब्याचं, म्हणजे सपाट मातीच्या छताचं घर पडलं. घर पडल्याचं मला दुःख नाही. धाब्याखाली मी तीस वर्षं काढली आहेत. दर उन्हाळ्यात वर खारी माती चढवायची, तरी मृगाच्या पहिल्या पावसात कुठे ना कुठे गळायचंच, आणि रात्री छताच्या कड्यांमधून विंचू अंथरुणावर पडायचा. पोरांनी सिमेंटचं घर बांधावं, जरूर बांधावं. पण त्या घराची सागवानी दारं ट्रॅक्टरमध्ये विटामातीवर आदळताना पाहिली आणि हे पत्र लिहायला बसले.

आपल्याकडे रीत अशी पडली आहे की घर पाडणारा मजुरीच्या बदल्यात लाकूड नेतो. सरे (जाड तुळया), कड्या, दारं, सगळं एकाच हिशेबात. बोरी नदीकाठचं आमचं सासरचं घर पाच वर्षांपूर्वी उतरवलं, तेव्हा ठेकेदार म्हणाला, तीन दारांचे मिळून सहा हजार वळते करतो. यजमान हो म्हणणारच होते. सासूबाई समोरच्या ओट्यावर बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, "बाकी काहीबी इका. उंबरा इकू नका, तठेच मी माप वलांडेल शे." म्हणून दारं राहिली. पण राहिलेल्या तीनपैकी दोन आम्ही आमच्या अज्ञानाने घालवली. तसं दुसऱ्या कोणाचं होऊ नये.

पहिलं दार काढतानाच गेलं. जुन्या दाराला बिजागरी नसते. फळीच्या एका कडेला वर आणि खाली कुसू असतं. खालचं उंबरठ्याच्या भोकात, वरचं चौकटीच्या माथ्यात, आणि त्या दोन टोकांवर सगळं दार फिरतं. मजुरांनी पहारीने चौकट उचकटली. दार निघेना, म्हणून कुसवं करवतीने कापली आणि "नंतर बिजागऱ्या लावा" म्हणाले. लावल्या. दीड इंच जाडीच्या फळीचं वजन तीन बिजागऱ्यांना पेलेना. वर्षभरात दार खाली आलं आणि फरशी घासू लागलं. खरं तर चौकट, उंबरठा आणि दोन्ही फळ्या मिळून एकच वस्तू असते. लाकडी खुंट्या ठोकून बाहेर काढायच्या, प्रत्येक सांध्यावर खडूने खूण करायची आणि सगळं एकत्र उतरवायचं. अर्ध्या दिवसाचं काम आहे, पण भिंत पाडायच्या आधी करावं लागतं.

दुसरं दार शहरातल्या एका पॉलिशवाल्याकडे दिलं. त्यावर हिरव्या ऑइलपेंटचे थरावर थर होते. त्याने दोन्ही फळ्या कॉस्टिक सोड्याच्या हौदात बुडवल्या. आठवड्याने दार परत आलं ते काळपट, सांधे ढिले झालेलं, हात फिरवला तर तंतू उभे राहिलेले. पितळी फुल्यांची झळाळी गेली ती गेलीच. सागाच्या अंगात स्वतःचं तेल असतं, त्यावर तो इतकी वर्षं टिकतो. ते तेलच आम्ही पैसे देऊन धुवून घेतलं.

तिसरं पुढचं दार. ते गावातल्या एका म्हाताऱ्या सुतार मिस्त्रींच्या हाताखाली आम्ही घरीच केलं. उजव्या फळीवर, कडीच्या खाली, बोटभर रुंदीची अर्धचंद्रासारखी घळ आहे. दार उघडलं-लावलं की लोंबती कडी हलायची, आणि लोखंडाने तेवढं सागवान झिजवत नेलं. मुलगा सँडर मशीन घेऊन आला होता, ती घळ भरून सपाट करू म्हणत होता. मिस्त्रींनी त्याचा अंगठा धरून त्या घळीतून फिरवला. मुलाने मशीन ठेवून दिलं.

मशीन ठेवलं ते आणखी एका कारणाने बरं झालं. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. घरगुती रंगात ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा) जास्त शिसं नको, हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचा रंग कोरडा घासला की ती धूळ घरातल्या लेकरांच्या पोटात जाते. रंग ओला करून, तोंडाला मास्क बांधून, हलक्या हाताने खरवडावा, आणि निघालेला चुरा अंगणात टाकू नये.

आमच्या चौकटीचे पाय चार बोटं कुजले होते, कारण ते मातीत होते. बाहेरचं फिकट लाकूड उदईने (वाळवीने) खाल्लेलं, आतला गाभा मात्र शाबूत. कुजका भाग कापून छताच्या जुन्याच कडीचं सागवान जोडलं आणि चौकट दगडावर उभी केली. भिंतीकडच्या बाजूला डांबर लावलं. गिलावा पुरता वाळेपर्यंत दोन महिने दार बसवलंच नाही, पडवीत आडवं ठेवलं. नंतर रंगारी ज्याला बेलतेल म्हणतात ते जवसाचं तेल टर्पेंटाइनमध्ये पातळ करून तीन हात दिले. तेलाच्या चिंध्या मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, मोकळ्यावर पसरून वाळवा. बोळा झालेली चिंधी आतून तापते आणि आपोआप पेट घेऊ शकते, आणि आपला मे महिना तर सगळ्यांना ठाऊक आहे.

हे दार पश्चिमेच्या उन्हात लावायचं नाही, हेही मिस्त्रींचंच. आम्ही ते देवघराला लावलं. उंची ५ फूट २ इंच. पाहुणे विचारतात, उंच का नाही करून घेतलं? वाकून आत जावं लागतं, ते मला आवडतं. कानबाईच्या, म्हणजे आपल्या खानदेशातल्या देवीच्या सणाच्या दिवशी उंबऱ्यावर हळदकुंकू सासूबाईच वाहतात.

इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली धुळ्यात वारले. त्यांनी गावोगावच्या दप्तरांतले कागद वेचले, आणि आजही धुळ्यात त्यांच्या नावाच्या संशोधन मंडळात ते जपले जातात. कागदांना राखणारे मिळाले. दारांच्या कामाचं ज्ञान असलेले मिस्त्री आता ऐंशीला टेकले आहेत. आयटीआयमध्ये सुतारकाम शिकणाऱ्या मुलांना कुसवाचं एक तरी दार उतरवून पुन्हा बसवायला शिकवा, एवढी माझी विनंती जळगाव-धुळ्याच्या संस्थांना आहे.

आमच्या गल्लीच्या टोकाचं घर दिवाळीनंतर पाडणार असं ऐकते. त्याच्या दारावरच्या गणेशपट्टीवर दोन मोर आहेत. मालक पुण्याला असतात. हे पत्र त्यांच्या वाचनात आलं, तर त्यांनी शेजाऱ्यांकडे माझी चौकशी करावी. मिस्त्रींना मी घेऊन येईन, आणि त्यांचं घर बांधून होईपर्यंत दार ठेवायला आमच्या पडवीत जागा आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
अमळनेर, जि. जळगाव