परदेशी विमा कंपनी पळून जाईल का?

संपादक साहेब, नमस्कार.

विम्यात १०० टक्के परदेशी गुंतवणुकीची बातमी आली तेव्हापासून आमच्या गावच्या पानठेल्यावर एकच चर्चा, आता गोरा येईल, हप्ता घेईल अन् पळून जाईल. अहो तो कधीचाच आलाय. २००० साली दार उघडलं तेव्हा विमा कंपनीत परदेशी हिस्सा २६ टक्क्यांपर्यंत चालायचा, मग २०१५ ला ४९, २०२१ ला ७४. नावंच वाचा ना, इफ्को टोकियोमधला टोकियो जपानचा अन् एचडीएफसी अर्गोमधली अर्गो जर्मनीची. आणि विमाधारकाचा पैसा भारताबाहेर गुंतवायला आपल्या कायद्यात बंदीच आहे.

पण पैसा बाहेर जायची दुसरी वाट आहे, तिच्यावर कोणी बोलत नाही. कंपनी सगळी जोखीम स्वतःकडं ठेवत नाही, आपल्यावरच्या जोखमीचा विमा पुढं मोठ्या कंपनीकडं उतरवते, त्याला पुनर्विमा म्हणतात. यातले मोठे गडी म्हणजे जर्मनीची म्युनिक रे अन् स्वित्झर्लंडची स्विस रे. हे वाईट नाही, एकाच हंगामात अख्ख्या विदर्भाचं सोयाबीन गेलं तर एकटी कंपनी बसेलच. साखळी लांबली की मात्र काय होतं ते २०१८ ला युरोपात दिसलं.

तिथं युरोपियन युनियनमधल्या एका देशाचं लायसन असलं की बाकी सगळ्या देशांत पॉलिसी विकता येते, अन् कंपनीच्या तिजोरीवर नजर ठेवायचं काम मुख्यतः लायसन देणाऱ्या देशाचं. डेन्मार्कची अल्फा इन्शुरन्स अशीच बाहेरच्या देशांत धंदा करायची आणि तिचा पुनर्विमा होता थेट न्यूझीलंडच्या सीबीएलकडं. सीबीएलचा मोठा धंदा फ्रान्समधल्या बांधकाम विम्याचा, तिथं घर बांधणाऱ्यावर १० वर्षं जबाबदारी असते म्हणून क्लेम उशिरा उशिरा येत राहतात, त्यासाठी राखून ठेवलेला पैसा कमी पडला. फेब्रुवारी २०१८ ला न्यूझीलंडच्या रिझर्व्ह बँकेनं कोर्टात जाऊन तिच्यावर हंगामी लिक्विडेटर, म्हणजे कंपनी गुंडाळणारे, बसवले, अन् मे महिन्यात तिकडं डेन्मार्कात अल्फाचं दिवाळं. आता फ्रान्सच्या घरवाल्यानं दाद मागायला ऑकलंडला जायचं का?

इंग्लंडात कंपनी बुडाली तर एफएससीएस नावाची व्यवस्था आहे, वित्त कंपन्यांच्याच वर्गणीवर चालते, गाडीच्या सक्तीच्या विम्याचे १०० टक्के अन् घराबिराच्या विम्याचे ९० टक्के देते. अमेरिकेत तर प्रत्येक राज्याचा विमा अधिकारी वेगळा, अन् लंडनच्या लॉइड्स या विमा बाजारालाही तिथल्या ग्राहकांसाठी न्यूयॉर्कच्या ट्रस्टमध्ये पैसा ठेवावा लागतो. परदेशी पुनर्विमा कंपन्यांकडून तर ते कित्येक वर्षं जोखमीएवढं पूर्ण तारण मागायचे, आता चांगल्या कंपन्यांना सूट दिली. याला म्हणतात व्यवहार! ये बाबा, धंदा कर, पण पैसा आमच्या अंगणात ठेव.

आपल्याकडं एलआयसीच्या पॉलिसीला सरकारची हमी आहे, बँकेच्या ठेवीला ५ लाखांपर्यंत कवच आहे, मग खाजगी विमा कंपनीच्या पॉलिसीला असं कवच द्यायला काय हरकत आहे, निदान १०० टक्क्यांचं दार उघडताना तरी?

अन् देशी कंपनीचं कौतुकही मला सांगू नका. दोनेक वर्षांआधी शेतात पाणी साचलं, ७२ तासांच्या आत तक्रार टाकली, मग विमा कंपनीचा एक पोऱ्या आला अन् कोऱ्याच फॉर्मवर सही मागू लागला. साहेब कुठं बसतात विचारलं तर म्हणे पुण्याला. ती कंपनी पूर्ण देशी होती. आम्हाला पुणं काय अन् म्युनिक काय, दोन्ही सारखेच लांब. १ रुपयाचा पीकविमा तर २०२५ च्या खरिपापासून बंदच झाला, आता सोयाबीनला २ टक्के अन् कपाशीला ५ टक्क्यांपर्यंत हप्ता आमच्याच खिशातून जातो, तेव्हा कंपनी कोणत्याही देशाची असो, तालुक्याला सहीचा अधिकार असलेला एक माणूस बसवा अन् हप्त्याच्या पावतीवर मराठीत छापा की जोखीम पुढं कोणाकडं दिली आहे.

आपला वाचक,
एक कास्तकार, ता. दारव्हा, जि. यवतमाळ